दहावा डबा

आमचे घरमालक नानकटाई व्हर्निअरनं मोजत. कारखान्यात लोखंडाची जाडी केसाइतक्या फरकानं मोजायचं पट्टीसारखं जे हत्यार असतं, ते हे व्हर्निअर. भट्टीतून थाळा बाहेर आला की चष्मा कपाळावर चढवून ते एकेक नानकटाई त्याच्या जबड्यात धरत आणि नापास झालेली बाजूच्या बशीत टाकत. ती बशी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीला, म्हणजे मला मिळे. सांगलीहून म्हैसूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आलेल्या एकट्या बाईची दिवाळी त्यावर झकास होई.

ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मीही नोकरी संपवून गावी परतले. त्यांच्या आठवणी काढून हसायला मला आवडतं, पण हसता हसता एका जागी येऊन थांबायला होतं. त्यांच्याबाबत माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि ती चूक वाईटपणानं नव्हे, टापटिपीनं झाली होती. टापटिपीचा मला तेव्हा फार गर्व होता.

पहिल्या दिवाळीत त्यांनी मला पत्र्याचा छोटा डबा भरून दिला. चार दिवसांत मी तो फस्त केला, घासून लख्ख केला आणि खाली नेऊन दिला. दहा मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली.

"मेडम, डबा रिकामा आहे."

"हो, धुऊन दिलाय ना."

"तेच की. धुऊन दिलाय आणि रिकामा दिलाय. सांगलीच्या ना तुम्ही? तिकडे असंच देतात काय?"

तिकडेही असं देत नाहीत. माझ्या आईनं उभ्या जन्मात शेजारणीचा डबा रिकामा परत केला नव्हता. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण भांडं कोरडं जाऊ द्यायचं नाही. हे सगळं मी घर सोडल्याबरोबर विसरले होते. ओशाळून मी त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे घातले. "आयितु, आता झालं बरोबर," असं म्हणत त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, दोन पायऱ्या उतरले आणि वळून म्हणाले, "स्वल्प करपलेत." दुसऱ्याच्या खाण्यात खोट काढल्याशिवाय घास त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेतून म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. तलवार कुणी पाहिली नव्हती, आडनाव तेवढं उरलं होतं. घरात मराठी बोलायची, पण लिहायची कन्नड अक्षरांत. मराठीची देवनागरी त्यांना वाचता येत नसे. मी आईला पत्र लिहायला बसले की खांद्यावरून बघत म्हणायचे, "बोलता तर आमच्यासारखंच. मग लिहिताना असं का करता?" उभी हयात मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेली. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ते, आईचा एक मोठा फोटो आणि मागच्या पडवीतली भट्टी.

भट्टी त्यांनी स्वतः केली होती, जाड पत्र्याच्या पिंपाची. दाराला काचेची खिडकी होती, आत तीन थाळे आणि खाली करवंट्यांचा निखारा. कोळशापेक्षा करवंटीची आच एकसारखी लागते असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे आमच्या गल्लीत नारळ फोडून करवंटी फेकून देणं हा गुन्हा होता. दर रविवारी ते पिशवी घेऊन दारोदार फिरत आणि ज्या घरी करवंट्या कमी निघत त्या घरच्या बाईला सरळ विचारत, "या आठवड्यात सांबार केलं नाही काय?"

दिवाळीच्या आधी दहा दिवस पडवीत कुणाला पाऊल टाकायची परवानगी नसे. नानकटाई, खोबऱ्याची बिस्किटं, कढीपत्ता-मिरची घातलेली खारी बिस्किटं आणि रव्याचा केक. तळणीचं काही नाही. नातेवाईक कुरकुरत, की दिवाळीला कुणी बिस्किटं धाडतं का, चार चकल्या पाठवा की. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "चकली सगळ्यांकडे आहे. तळायला घाई चालते. भाजायला बसावं लागतं."

डबेही घरचेच. पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन केलेले, आणि झाकणावर खिळ्यानं ठोकून ठिपक्या-ठिपक्यांत नाव. शिवमोग्ग्याची पुतणी, बेंगळूरचे दोघे भाचे, हुबळीची चुलत बहीण, असे मिळून नऊ डबे. सगळ्यांना नियम एकच होता : डबा परत यायला हवा आणि रिकामा यायला नको. बेंगळूरच्या एका भाच्यानं एकदा घाईगर्दीत रिकामा धाडला, तर त्याच्या नावाचा डबा वर्षभर फळीवर पालथा पडला आणि पुढच्या दिवाळीत त्याला एक बिस्कीटसुद्धा गेलं नाही. भाच्यानं फोनवर माफी मागितली तेव्हा कुठे तो डबा सुलटा झाला.

पण फळीवर दहावा एक डबा होता. त्याच्या झाकणावर नाव नव्हतं. तो सगळ्यांत आधी भरला जाई, नापासांतली एकही नानकटाई त्यात पडत नसे, आणि त्यातल्या नानकटायांवर ते वरून साखर भुरभुरत. बाकी कुणाच्या नशिबी ती साखर नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानात रोज सकाळी येलवालहून पावाची गाडी यायची. गाडीच्या ड्रायव्हरकडे तो डबा ते स्वतः नेऊन देत. पंधरा दिवसांनी कधीतरी कापडी पिशवीत घातलेला तो डबा आमच्या फाटकाला अडकवलेला असे. मालक तो आत नेत, झाकण काढत, उजेडाकडे धरून बघत, मग पालथा करून बुडावर दोन बोटं वाजवत. काही पडत नसे. डबा स्वच्छ धुतलेला, कोरडा पुसलेला आणि रिकामा.

"पुढच्या वर्षी," असं म्हणून ते तो फळीवर ठेवत. तोही सुलटा.

मी माणसांच्या घरात नाक खुपसत नाही असं सांगते, पण खुपसतेच. दुसऱ्या दिवाळीत ते मैदा चाळत असताना मी पडवीच्या उंबऱ्याबाहेर बसून विचारलं, की भाच्याला एक न्याय आणि या डब्याला दुसरा, असं का. चाळणी थांबली नाही. चाळता चाळताच त्यांनी सांगितलं.

"तो तंगीचा आहे."

तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. त्यांच्या मराठीतही ती तंगीच होती. तिनं येलवालच्या एका बेकरीवाल्याशी लग्न केलं होतं. नवरा ख्रिश्चन. आईनं तिचं नाव टाकलं. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात तंगीनं घरी डबा पाठवला, तिनं स्वतः केलेल्या केकचा.

"आई म्हणाली, तिचा डबा धुऊन परत दे. मी केक मागच्या गाईला घातला. गाईनं बरा खाल्ला. डबा धुतला, पुसला आणि तिच्या दारात ठेवून आलो. रिकामा. नोडी, बघा मेडम, मी शिव्या दिल्या असत्या तर ती पण देती आणि विसरून जाती. पण रिकामा डबा म्हणजे सगळं संपलं की. आई म्हातारी, तिला काय समज देणार? हात तर माझे होते."

आई गेल्यावर ते भाजायला शिकले. का, तर केकच्या डब्याचं झाकण काढलं तेव्हा जो वास आला होता तो त्यांच्या नाकातून गेला नव्हता. तो वास आपल्या हातानं काढायचा आणि तिला पाठवायचा असा त्यांचा इरादा होता. वास काही निघाला नाही, डबा मात्र जात राहिला. ती तो घेई, आतलं ठेवून घेई आणि धुऊन परत करी.

"मी केलं तेच ती करते. त्यात तिचं काय चुकलं? पण एकदा जरी चिमटीभर सक्करे आली ना आत, तर मी त्या दिवशी जाईन. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

ऐकून माझा जीव कळवळला, आणि कळवळलेल्या माणसाला अक्कल नसते. त्या वर्षी डबा फाटकाला लागला तेव्हा मालक करवंट्या गोळा करायला गेले होते. मी डबा वर नेला, दोन चमचे साखर घातली आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

ते आले. पिशवी घेऊन आत गेले. मी गॅलरीतून कान देऊन उभी होते. मग दार उघडलं आणि ते बाहेर आले, अंगात कोट घालून. निवृत्तीच्या दिवशी घातलेला तपकिरी कोट. वरची बटणं खाली आणि खालची वर लागली होती. फाटकाची कडी त्यांना सापडेना.

"मेडम, मी येलवालला जाऊन येतो," त्यांनी मान वर करून सांगितलं. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. मी धावत खाली गेले आणि फाटकापाशीच कबूल केलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कोट काढून हातावर घेतला, आत गेले, डबा आणला आणि माझ्या ओंजळीत साखर ओतली.

"पापा, बिचारा म्हणून केलंत, कळतं मला. पण एक सांगा, आता उद्या खरंच आली सक्करे, तर ती मी कशी ओळखू?"

ती साखर मी चहात घातली नाही, सिंकमध्ये सोडून दिली.

तिसऱ्या वर्षी दिवाळी झाली, डबे गेले आणि भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी मालकांना ताप चढला. न्युमोनिया. गल्लीतल्या लोकांनी त्यांना इस्पितळात नेलं, आणि तीन आठवडे ते तिथेच होते. मी कॉलेज सुटलं की डबा घेऊन जाई. पेज होती ती पातळ आहे, चटणी होती ती आंबट आहे, असं ते ऐकवत, त्यावरून सुधारणा कळे. घरी सोडायचा दिवस ठरला तेव्हा मी त्यांच्या किल्लीनं खालचं घर उघडून साफसफाईला लागले. आजारी माणूस घरी येणार, एक कण धूळ दिसता कामा नये.

फाटकाला पिशवी लटकत होती. कधीपासून, कुणास ठाऊक. मी नेहमी मागच्या दारानं जात-येत असे. डबा काढला तर झाकणाखालून मुंग्यांची रांग. उघडला. कोपऱ्यात चमचाभर साखर, ओलसर होऊन पत्र्याला चिकटलेली, तीवर मुंग्या. नानकटाईवर भुरभुरलेली साखर राहिली असणार, एवढं मनात आलं आणि हात पुढे गेला. साबण लावला, गरम पाण्यानं विसळला, उन्हात वाळवला आणि फळीवर त्याच्या जागी ठेवून दिला. स्वतःवर खूशही झाले.

संध्याकाळी रिक्षातून उतरून ते घरात आले. खुर्चीवर टेकायच्या आधी त्यांची नजर फळीवर गेली. डबा खाली घेतला, झाकण काढलं, उजेडाकडे धरला, पालथा केला, दोन बोटं वाजवली.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

"मी धुऊन ठेवलाय," मी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हटलं. "आत साखर राहिली होती थोडी, मुंग्या लागल्या होत्या."

त्यांचा हात डब्यावर तसाच राहिला. आणि मलाही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं त्या घरातून डबा धुतलेला आणि कोरडाच आला होता. धुतलेल्या डब्यात साखर राहत नाही. ती घालावी लागते.

"किती होती?"

"चमचाभर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डबा नाकाशी नेला. साबणाचा वास येत होता. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही हे मला स्वच्छ दिसलं, आणि त्यांचा दोष नव्हता. मी आईची शपथ घेतली.

"साकु, पुरे मेडम," ते हळूच म्हणाले. "आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून सांगता. माहीत आहे."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माणूस वर्षानुवर्षं एका चिमटीची वाट बघतो, ती येते आणि मी ती घासून टाकते. वर पुन्हा तिची एकमेव साक्षीदार मी, आणि माझा शब्द मीच आदल्या वर्षी दोन चमच्यांत बुडवून ठेवलेला. डॉक्टरांनी त्यांच्या छातीचं जे सांगितलं होतं त्यावरून पुढची दिवाळी गृहीत धरता येत नव्हती. रविवारी सकाळी तो डबा पिशवीत घालून मी हुणसूरची बस पकडली आणि येलवालला उतरले.

बेकरी शोधावी लागली नाही, वासानं नेलं. डिसेंबर लागला होता, आत नाताळचे केक चालले होते. मागच्या दारात एक साठीची बाई मनुका निवडत बसली होती. नाक थेट मालकांचं. माझ्या हातातली पिशवी तिनं ओळखली आणि तिचा चेहरा उतरला.

"गेला काय तो?" तिनं विचारलं, मराठीत.

"नाही, नाही. घरी आलेत. बरे आहेत."

तिनं मनुकांचं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. मग अडखळत, मध्येच कन्नडमध्ये जात आणि परत येत ती बोलू लागली. ही भाषा तोंडात घेऊन किती वर्षं झाली हे तिलाच आठवत नव्हतं. गाडीच्या ड्रायव्हरनं तिला सांगितलं होतं, तुमच्या भावाला इस्पितळात नेलं. "तेव्हा मी सक्करे घातली. म्हटलं, आधी हे जाऊ दे. त्यानं घेतलं तर निरोप येईल, मग मी जाईन. पंधरा दिवस रस्त्याकडे बघितलं. काही नाही. म्हटलं, ठीक आहे, त्याला आता नको असेल."

मी तिला सगळं सांगितलं. मुंग्या, साबण, गरम पाणी. आदल्या वर्षीचे माझे दोन चमचेही.

"तुम्ही पण धुतलं?" ती म्हणाली. "त्यानं धुतलं, मी धुतलं, आता तुम्ही. हौदा, खरंच? आमच्या डब्यांचं नशीबच तसं आहे."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डबा घेऊन ती आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली. झाकण लावलेलं होतं, वरून दोरा बांधलेला होता.

"हे त्याच्याच हातात द्या. मधे उघडू नका. साफ तर करूच नका."

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन मी बसले. दोऱ्याला हात लावला नाही.

मालक पडवीत, थंड भट्टीशेजारी शाल घेऊन बसले होते. मी कुठून आले ते सांगितलं आणि डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"यात पण सक्करे आहे म्हणाल."

"मला माहीत नाही. मी उघडलेला नाही."

दोरा सोडायला त्यांना वेळ लागला. बोटं अजून अशक्त होती. झाकण निघालं. पडवीभर वास पसरला, मनुकांचा, दालचिनीचा, जाळून काळ्या केलेल्या साखरेचा. आत केकचा जाड काळपट तुकडा होता. मालकांनी डोळे मिटले. मी हलले नाही. मग त्यांनी तुकडा उचलला आणि तिथेच, ताटली न मागता, खायला लागले. सावकाश, कणही खाली न सांडता. मी सवयीनं वाट बघत होते, की आता म्हणतील गोड कमी आहे, भाजणी जास्त झाली. पूर्ण संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

"हे तुम्ही नाही घातलं, मेडम," शेवटी ते म्हणाले. "तुम्हाला शेंगदाणे भाजता येत नाहीत."

आणि मग ते रडले. मोठ्यानं, माझ्यासमोर, तोंड न झाकता. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू.

डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली होती. ती त्यांनी आठ दिवस पाळली. नवव्या दिवशी सकाळी खाली खुडबुड ऐकून मी गेले, तर कोट अंगात, बटणं सरळ, आणि स्वयंपाकघरात दहावा डबा समोर ठेवून ते उभे. भट्टी दिवाळीपासून पेटली नव्हती, घरात भाजलेलं काही नव्हतं. मी म्हटलं, बाहेरून काही आणू का. त्यांनी मान हलवली आणि साखरेचा डबा उघडला. चिमूट घेतली, बघितली, परत टाकली. मग ओंजळ भरली.

"पहिल्या नाताळचं राहिलं होतं," ते म्हणाले.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. त्यांना खिडकीशी जागा मिळाली. डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. बस सुटायला वेळ होता, मी खाली उभी राहून छातीला वारा लागू देऊ नका वगैरे सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. बस हलेपर्यंत त्यांनी तीनदा झाकण उचलून आत पाहिलं. तिन्ही वेळा साखर होती.